‘आय, द ज्युरी’ वाचण्यापूर्वी

अमेरिकन रहस्यकथाकार मिकी स्पिलेनची ही पहिली कादंबरी १९४७ साली डटन या प्रकाशनसंस्थेने पुठ्ठा-बांधणीत काढली. ती घरोघरी पोहोचली मात्र सिग्नेट प्रकाशनाच्या पंचवीस सेंटांच्या कागदी बांधणीच्या आवृत्तीमुळे. ती जुनी प्रत हाती आल्यास सर्वप्रथम तिला कागदी कव्हर घालावे, कारण मुखपृष्ठावर चित्रकाराने चक्क शेवटचा प्रसंगच रंगवला आहे! या स्वस्त पुस्तकांचा कागद आम्लामुळे पिवळा आणि ठिसूळ होतो व पाने केवळ डिंकाने चिकटवलेली असतात. म्हणून पुस्तक पूर्ण उलगडून पालथे ठेवू नये आणि सुटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये.

पहिले प्रकरण सावकाश वाचावे. कादंबरीचा नायक, खासगी गुप्तहेर माइक हॅमर याला युद्धात वाचवताना एक हात गमावलेला त्याचा मित्र जॅक विल्यम्स पोटात गोळी लागून मरून पडला आहे. आपल्या पिस्तुलापर्यंत तो सरपटत जात असताना खुन्याने ते इंचाइंचाने दूर नेले, हे हॅमर खोलीतील खुणांवरून ताडतो आणि खुन्यालाही तसेच मारण्याची शपथ घेतो. न्यायालयावर, ज्युरीवर आणि वकिलांच्या युक्तिवादांवर त्याचा विश्वास नाही. पोलीस अधिकारी पॅट चेंबर्सशी त्याचा या मुद्द्यावर होणारा वाद घाईने वाचू नये, कारण कादंबरीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

केवळ हाणामारीसाठी पुस्तक उघडणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे हे चोख रहस्यही आहे. खुनापूर्वी जॅककडे मेजवानीला आलेल्यांची नावे वहीत टिपावीत आणि प्रत्येकापुढे दोन नोंदी कराव्यात: त्याने काय सांगितले आणि हॅमरने त्यातले काय तपासून न पाहताच मान्य केले. निवेदन हॅमरचेच असल्यामुळे त्याचा संताप आणि त्याची भुरळ आपल्यालाही लागते. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार या नायकाच्या कथांवर वाढलेल्या वाचकाने तर अधिकच सावध राहावे. स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि जपानी यांच्याविषयीचे हॅमरचे उद्गार आज खटकतील, आणि ते खटकायलाच हवेत.

शेवटच्या प्रकरणात हॅमरचे लांबलचक विवेचन आणि समोरच्या व्यक्तीच्या मूक हालचाली आलटून पालटून येतात. दुसऱ्या वाचनात हालचाली वगळून केवळ विवेचन वाचावे आणि त्यातला प्रत्येक दुवा वहीतील दुसऱ्या रकान्याशी ताडून पाहावा.