आत्म्याने परिपूर्ण जीवन : मुंबईकर विश्वासणाऱ्यासाठी एक क्रम

रविवारच्या उपासनेत डोळे भरून येतात, आणि सोमवारी सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर कोणी कोपर मारले की जिभेवर यायचे ते येतेच. हा अनुभव नसलेला ख्रिस्ती विश्वासणारा मुंबईत विरळाच. यावरून आपल्याला पवित्र आत्मा पुरेसा मिळाला नाही असे समजून पुष्कळजण आणखी मोठ्या सभेच्या आणि आणखी नामवंत वक्त्याच्या शोधात निघतात. माझ्या मते येथे निदानच चुकते.

नव्या करारात प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायातील 18व्या वचनात ‘आत्म्याने परिपूर्ण व्हा’ अशी आज्ञा आहे. मूळ ग्रीक क्रियापद आज्ञार्थी आहे, म्हणून हा विषय ऐच्छिक नाही. ते अनेकवचनी आहे, म्हणून तो निवडक भक्तांपुरता नाही. ते कर्मणी आहे, म्हणजे भरणारा दुसरा आहे आणि आपले काम भरू देण्याचे आहे. आणि त्याचा वर्तमानकाळ चालू राहणारी क्रिया दाखवतो, म्हणून एकदा भरलो आणि काम संपले असे होत नाही. त्यापुढची वचने तर अधिकच बोलकी आहेत. स्तोत्रे गाणे, उपकारस्तुती करणे आणि एकमेकांच्या अधीन राहणे एवढे सांगून पौल थेट पती-पत्नी, आईबाप-मुले, दास-धनी यांच्याकडे वळतो. परिपूर्णतेची परीक्षा त्याने सभामंडपात न ठेवता घरात ठेवली आहे, आणि खालचा क्रमही त्याच हिशेबाने मांडला आहे.

आधी जागा आणि वेळ ठरवावी. ‘आपल्या खोलीत जा व दार लाव’ असे प्रभू मत्तयाच्या 6व्या अध्यायात म्हणतो. पण एकाच खोलीत पाचजण झोपतात त्या चाळकऱ्याने कोणते दार लावावे? स्वतः येशूही मार्काच्या 1ल्या अध्यायात पहाटे अंधारातच उठून घराबाहेर, एकांतात गेलेला दिसतो. नळाला पाणी येण्याआधीची वीस मिनिटे, गॅलरीचा कोपरा, इमारतीची गच्ची, यांपैकी जे रोज मिळेल ते घ्यावे. फोर्टात नोकरी करणाऱ्याने जेवणाच्या सुट्टीतील दहा मिनिटे सेंट थॉमस कॅथेड्रलच्या बाकावर बसून पाहावे. हे मंदिर 1718मध्ये उपासनेसाठी खुले झाले आणि जुन्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे वाट जाई त्यावरूनच चर्चगेट हे नाव पडले, हे रोज तेथे उतरणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. वेळ लहान असली तरी चालेल, मात्र ती ठरलेली असावी.

दुसरे काम वाचनाचे. उत्पत्तीपासून आरंभ करून लेवीयच्या पुस्तकात अडकून पडण्यापेक्षा मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे. 16 अध्याय आहेत, रोज एक वाचला तर अडीच आठवड्यांच्या आत संपते. त्यानंतर गलतीकरांस व इफिसकरांस पत्रे, प्रत्येकी 6 अध्याय, आणि रोज रात्री एक स्तोत्र. मुले इंग्रजी शाळेत शिकत असली तरी घरातले वाचन मराठीत ठेवावे, असा माझा आग्रह आहे. आपल्या भाषेतल्या वचनापासून पळता येत नाही. अमेरिकन मिशनरी 1813मध्ये मुंबईत उतरले आणि 1826मध्ये त्यांनी येथेच मराठी नवा करार छापला. पुढे साध्यासुध्या बायकांनाही समजावे म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते 1922मध्ये, मृत्यूच्या उंबरठ्यावर, त्यांनी पुरे केले. एवढ्या श्रमाने हाती आलेला ग्रंथ कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवणे बरे नव्हे.

वाचलेल्यातील एकच वचन कागदावर लिहून पासाच्या पाकिटात ठेवावे. पहिल्या स्तोत्रात नीतिमान मनुष्य रात्रंदिवस मनन करतो असे आहे; तेथील हिब्रू शब्दाचा अर्थ हलक्या आवाजात पुटपुटणे असा आहे. त्यासाठी लोकलइतकी सोयीची जागा नाही. गाडीच्या खडखडाटात तुमचे पुटपुटणे कोणालाच ऐकू जात नाही आणि ठाण्यापासून दादरपर्यंत एक वचन तीस वेळा सहज होते. कवी ना. वा. टिळकांच्या हाती नवा करार आला तो आगगाडीच्या प्रवासातच, एका अनोळखी सहप्रवाशाकडून. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जे धरले ते सोडले नाही, आणि 1895मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

यापुढची पायरी बहुतेकजण टाळतात, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. इफिसच्या 4थ्या अध्यायात ‘पवित्र आत्म्याला खिन्न करू नका’ असे वचन आहे. त्याच्या मागेपुढे काय आहे ते पाहावे: खोटे बोलणे, सूर्य मावळेपर्यंत राग धरणे, चोरी, कुजके बोलणे, कटुता आणि ओरड. आत्मा खिन्न होतो तो बहुतांशी आपल्या जिभेमुळे. म्हणून रात्री झोपण्याआधी दिवस उलटा आठवावा, म्हणजे घरी आल्यापासून सकाळपर्यंत मागे जावे आणि जेथे मन अडखळते तेथे थांबावे. ‘प्रभू, क्षमा कर’ एवढ्यावर न थांबता पापाला नाव द्यावे: सासूबाईंशी तुसडेपणाने बोललो, बिलात साठ रुपये जास्त लावले. योहानाच्या 1ल्या पत्रातील क्षमेचे आश्वासन पाप पदरी घेणाऱ्याला, म्हणजे ते कबूल करणाऱ्याला आहे. कॅथलिक बंधुभगिनींना धर्मगुरूंपुढे पापनिवेदनाची सोय आहे. तिचा लाभ नियमाने घ्यावा.

मात्र देवापाशी कबुली दिली म्हणजे माणसाशी असलेला हिशेब मिटला असे नाही. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करण्यास प्रभूने सांगितले आहे. एका चुलतभावाशी खोलीच्या वाट्यावरून माझे बोलणे दोन वर्षे बंद होते. त्या काळात मी उपास केले, रात्रभराच्या प्रार्थनांना बसलो, मंडळीपुढे स्वानुभवाची साक्षही दिली, आणि प्रार्थना छताला लागून परत येते असे प्रत्येक वेळी वाटे. शेवटी एका रविवारी प्रभुभोजनाआधी मंदिराच्या आवारातून त्याला फोन केला. तो फार गोड बोलला असे नाही, आणि वाट्याचा प्रश्न पुढेही महिनाभर चालला; पण त्या दिवसापासून प्रार्थनेत शब्द येऊ लागले. ज्याचे नाव वाचतावाचता तुमच्या मनात आले, त्यालाच आधी फोन करावा.

मन असे मोकळे झाल्यावर मागावे. मागणाऱ्यांना स्वर्गीय पिता पवित्र आत्मा देईल, हे लूकच्या 11व्या अध्यायात स्पष्ट आहे. मागण्याला विशेष आवाज, विशेष तेल किंवा विशेष माणूस लागत नाही. प्रार्थनेसाठी वा भविष्यवाणीसाठी पैसे मागणाऱ्याकडून सरळ उठून यावे. पैशाने हे दान घेऊ पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने काय सुनावले ते प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 मध्ये आहे. अन्य भाषांविषयी, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलण्याच्या दानाविषयी, मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत. पेंटेकॉस्टल मंडळ्या त्या दानाला मोठे महत्त्व देतात, तर जुन्या मंडळ्या बाप्तिस्मा आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) यांवर भर देतात. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात 1905मध्ये आध्यात्मिक जागृती झाली तेव्हा पापांची कबुली, अश्रू, तासन्‌तास प्रार्थना, सारे झाले. पुढे अन्य भाषाही बोलल्या गेल्या. तरी ते दान हेच आत्म्याचे एकमेव चिन्ह असे रमाबाईंनी मानले नाही, आणि सदनातील स्वयंपाक, शेती, छपाई यांतून कोणाची सुटका झाली नाही. मला हा समतोल फार मोलाचा वाटतो.

संगतीशिवाय हे टिकत नाही. रविवारच्या उपासनेखेरीज आठवड्यातून एकदा आठ-दहाजणांच्या गृहप्रार्थनेला जावे, आणि त्यांपैकी एकाला, शक्यतो वयाने मोठ्या व्यक्तीला, आपली विचारपूस करण्याचा अधिकार द्यावा. दुसरी तपासणी याहून अवघड आहे. गलतीकरांच्या 5व्या अध्यायात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता व इंद्रियदमन अशी नऊ नावे आहेत, पण ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे. प्रार्थनेत आवेश आहे पण सौम्यता नाही, अशी निवड करता येत नाही. ही यादी महिन्याच्या शेवटी पत्नीपुढे किंवा पतीपुढे ठेवून ‘यांतले माझ्यात काय वाढले, काय आटले?’ असे विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसावे. मुलांना विचारण्याचे धैर्य असेल तर फारच चांगले, कारण ती भीड ठेवत नाहीत.

सहा महिने हा क्रम पाळूनही कोरडे दिवस येतील. वचन वाचले तरी मनाला लागणार नाही आणि गीत ओठांवरच राहील. योहानाच्या 15व्या अध्यायात पिता हा माळी आहे आणि फळ देणाऱ्या फाट्यालाच तो छाटतो. नाशिककडे ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी द्राक्षबाग एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पाहिली असेल: ओलांड्यांवर, म्हणजे वेलाच्या जाड आडव्या फांद्यांवर, डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) तेवढे राहिलेले आणि वर उन्हाळा. त्या छाटणीवर घड धरत नाहीत. नव्या काड्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी आतल्या आत होते, ऑक्टोबरला दुसरी छाटणी होते आणि माल फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हाती येतो. तेव्हा अशा दिवसांत नवे व्रत घेऊ नये, मंडळी बदलू नये, आणि इतरांच्या साक्षींशी आपली तुलना करू नये. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसावे, आणि स्वतःचे शब्द सुचत नसतील तर 42वे स्तोत्र मोठ्याने वाचून कामाला लागावे.