घरी ताकदीच्या व्यायामाचं सामान घेण्याआधी: मशीन की डंबेल-बार?

दुकानात जाण्याआधी किंवा ऑनलाइन काही बघण्याआधी टेप घेऊन खोली मोजा. लांबी-रुंदीबरोबर पंख्याच्या पात्याची जमिनीपासूनची उंचीही मोजा, कारण घरात वजन डोक्यावर नेताना सगळ्यात आधी आडवा येतो तो पंखाच. उभं राहून दोन्ही हात सरळ वर करा, मुठीपर्यंतची उंची कुणाकडून तरी मोजून घ्या आणि तीत वजनाच्या गोल प्लेटची त्रिज्या मिळवा. ऑलिंपिक मापाच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे मुठीच्या वर आणखी साडेबावीस सेंटिमीटर लागतात. पात्याखाली हातभर मोकळी जागा उरत नसेल तर डोक्यावरचे व्यायाम पंख्यापासून दूर किंवा बाकावर बसून करायचे असं आत्ताच ठरवा. ७ फुटी ऑलिंपिक बार २.२ मीटर लांब असतो आणि दोन्ही टोकांना प्लेट चढवायला जागा लागते. ३ मीटर रुंदी मोकळी नसेल, आणि १० बाय १० च्या खोलीत कपाट असेल तर ती नसतेच, तर तो बार यादीतून काढा.

आता कागदावर सामान लिहू नका, हालचाली लिहा: बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, छातीसमोर ढकलणं, डोक्यावर ढकलणं, आपल्याकडे ओढणं, वरून खाली ओढणं आणि वजन हातात धरून चालणं. पहिल्या पाच आणि शेवटची, या सगळ्या एका डंबेलच्या जोडीवर होतात. अडते ती वरून खाली ओढण्याची. मशीनचा खरा उपयोग तिथे आहे, त्यामुळे ‘मशीन की डंबेल’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका हालचालीत मिळतं.

स्नायू वाढण्याच्या दृष्टीने दोन्हीत मोठा फरक पडत नाही. मेहनत सारखी असली तर वाढही साधारण सारखीच होते. ताकद मात्र ज्या साधनावर सराव केला त्यावरच जास्त दिसते. मशीनवर ६० किलो ढकलणाऱ्याला बारवर तेवढेच जमतील असं धरून चालू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते, आणि तेवढ्यासाठी खोलीभर यंत्र लागत नाही. बहुतेक घरांसाठी आमचा सल्ला असा: आधी प्लेट बदलता येणारे डंबेल आणि पाठ उभी करता येणारा बाक, मग ओढण्याची सोय, आणि मल्टिजिम, म्हणजे पुली-केबलवर अनेक व्यायाम करता येणारं एकच यंत्र, त्यानंतर, गरज पडलीच तर.

प्लेट घेताना लोक एकूण किलो बघतात आणि नग मोजायला विसरतात. दोन डंबेल, प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणून प्रत्येक वजनाच्या प्लेट चारच्या पटीत हव्यात. १ किलोच्या ४, २ किलोच्या ८ आणि ५ किलोच्या ४ घेतल्या तर एकूण ४० किलो होतात आणि एका बाजूला १ पासून १० किलोपर्यंत प्रत्येक आकडा जुळतो. २ किलोच्या चारच घेतल्या तर ४, ९ आणि १० जुळत नाहीत आणि प्रगती नेमकी तिथे अडते. शिवाय अर्ध्या किलोच्या ४ प्लेट घ्याच. खांद्यासाठी हात बाजूला उचलताना ५ किलोवरून थेट ७ वर जाणं म्हणजे ४० टक्के वाढ. तेवढी उडी खांदा घेत नाही, मग झोका देऊन उचलायची सवय लागते.

भोकाचं मापही बघा. ऑलिंपिक प्लेटचं भोक सुमारे ५० मिलिमीटरचं, घरगुती सेटमधल्या प्लेटचं त्याच्या जवळपास निम्मं. एकाची प्लेट दुसऱ्याला चालत नाही. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या प्लेट स्वस्त मिळतात, पण त्याच वजनाच्या लोखंडी प्लेटपेक्षा त्या बऱ्याच जाड असतात. त्यामुळे डंबेलच्या १४ इंची रॉडवर तीन-चार प्लेटनंतर नट लावायला आटेच उरत नाहीत. लावायच्या सगळ्या प्लेट एकावर एक ठेवून जाडी मोजा, तीत नटाची जाडी मिळवा आणि रॉडच्या एका बाजूच्या लांबीशी ताडून पाहा. नटातली रबरी रिंग सुकली की नट आपोआप सैल होतो. प्रत्येक सेटआधी तो हाताने आवळायचा, विशेषतः वजन चेहऱ्यावरून जाणार असेल तेव्हा.

बाकावर लिहिलेल्या क्षमतेत तुमचं वजनही धरलेलं असतं. ७५ किलोचा माणूस आणि ४० किलोचे डंबेल म्हणजे ११५. १५० च्या आतला बाक घेऊ नका. एकट्याने बारवर बेंच प्रेस, म्हणजे बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं, करायची असेल तर सेफ्टी पिन (बार खाली आला तर अडवणाऱ्या आडव्या दांड्या) असलेला रॅक हवाच. नुसत्या दोन खुंट्यांच्या बाकावर बार छातीशी अडकला तर सुटायला वाट नसते. डंबेल बाजूला सोडता येतात, आणि जमिनीवर झोपून ढकललं तर कोपर जमिनीला टेकतं. शिकाऊ माणसाने तिथूनच सुरुवात करावी.

पुल-अपसाठी, म्हणजे लटकून स्वतःला वर ओढण्यासाठी, भिंतीवर बार बसवायचा असेल तर भिंत कशाची आहे ते आधी तपासा. ड्रिल केल्यावर लाल भुकटी आली तर वीट, कडक आणि राखाडी आली तर काँक्रीट. ड्रिल लोण्यासारखं आत शिरलं आणि हलकी, फिकट भुकटी पडली तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांचा हलका सिमेंटी ब्लॉक. नव्या इमारतींत हाच जास्त सापडतो. त्यात साधा अँकर बोल्ट झटक्याने उपसून येतो, म्हणून बार बीममध्येच बसवून घ्या. भाड्याचं घर असेल तर रबरी बँड किंवा वाकून डंबेल ओढणं यावर भागवा.

मल्टिजिम घ्यावं ते कुणी? तोल सांभाळणं कठीण जातं अशांनी, दुखापतीनंतर फिजिओथेरपिस्टने ठरावीक मार्गातलीच हालचाल सांगितली असेल त्यांनी, आणि एकाच यंत्रावर घरातली तिघं-चौघं आलटून पालटून व्यायाम करणार असतील त्यांनी. घेण्याआधी पुली कुठे फिरती, म्हणजे वजनाच्या थप्पीबरोबर वर-खाली सरकणारी, आहे ते विचारा: अशा पुलीवर ७० किलोच्या थप्पीचे हाताला ३५ च येतात, आणि पायांना ते लवकरच कमी पडतात. थप्पीतलं वजन निवडायची पिन ५-५ किलोने सरकते का तेही बघा. तशी असेल तर खांद्याची तीच अडचण इथेही येणार. केबल पुलीवर वळते तिथेच आधी तुटायला लागते. प्लास्टिकचं आवरण फाटून आतली तार दिसली की त्या दिवशीच वापर थांबवा, आणि बदली केबल कुठे मिळते ते पैसे देण्याआधी विचारून ठेवा. थप्पी ज्या दांड्यांवरून सरकते त्यांना घट्ट तेल लावू नका, धूळ चिकटून प्लेट अडखळतात. दांड्या पुसून सिलिकॉन स्प्रे पुरतो. घरात लहान मूल असेल तर व्यायाम झाल्यावर पिन काढून उंच जागी ठेवा, कारण थप्पीच्या फटीत बोट सहज जातं. राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेला असतो. यंत्र आणि माणूस मिळून त्याच्या जवळ जातात, म्हणून यंत्र खोलीच्या मध्यावर न ठेवता बीमच्या बाजूला, भिंतीलगत ठेवा. गॅलरीत तर नकोच.

खाली रबरी मॅट अंथरा, निदान १० मिलिमीटर जाडीची. जोडायच्या रंगीत फोमच्या टाइल्स दबतात, त्यावर वजन घेऊन उभं राहिलं की घोटा डगमगतो. फरशी वाचवण्यापुरत्याच त्या ठीक.

सामान घरी आलं की प्रत्येक प्लेट वजनकाट्यावर ठेवा आणि खऱ्या वजनाचा आकडा मार्करने तिच्यावर लिहा. स्वस्त प्लेटमध्ये छापलेलं आणि खरं वजन जुळेलच असं नाही, आणि एका डंबेलच्या दोन बाजू असमान झाल्या की मनगटावर ताण येतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात रॉडच्या खरखरीत पकडीवर लगेच गंज धरतो, तेव्हा घाम पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा, आणि पुढच्या व्यायामाआधी पकड कोरड्या फडक्याने पुसून घ्या.