कार्ने आसादा टाको घरी कसे करावेत

मांस भाजायचं म्हटलं की मराठी हात आधी आलं-लसणाच्या वाटणाकडे जातो आणि मग गरम मसाल्याच्या डब्याकडे. कार्ने आसादा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस, करताना दोन्ही जागच्या जागी राहू द्या. उत्तर मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यात हा प्रकार फार मानाचा, आणि तिथे मांसाला लागतं ते जाड मीठ आणि निखारे, बस. तिखट, आंबट, हिरवं असं जे काही हवं ते टाकोत, म्हणजे टॉर्टिया नावाच्या पातळ पोळीत मांस घालून दुमडलेल्या घासात, वरून पडतं. मांसाला मांसाचीच चव ठेवायची.

उत्तर मेक्सिको हा कोरडा, गुरं पाळणारा मुलूख. रविवारी दुपारी माणसं अंगणात जमतात, कुणीतरी शेगडीपाशी ठाण मांडतं आणि मांस जसजसं उतरेल तसतसं लोक उभ्याउभ्या खातात. घरी करतानाही हीच पद्धत सोयीची पडते. सगळं भाजून, मांडून मग पंगत बसवायची असा बेत केलात तर पहिले टाको गारढोण होतील. आणखी एक: यू आकाराची कडक, कुरकुरीत टाकोची पुडी ही अमेरिकेतल्या दुकानांची पद्धत. इथे टॉर्टिया मऊच हवी.

खालचं सगळं प्रमाण चार जणांचं, सोळाएक टाकोंचं आहे. त्यासाठी ८०० ग्रॅम बिनहाडाचं मांस लागेल.

मांस कोणतं घ्यावं

मेक्सिकोत यासाठी गोमांसाचे पातळ, चपटे तुकडे वापरतात. सगळ्यात नावाजलेला म्हणजे अर्राचेरा, जनावराच्या श्वासपटलाचा लांबट पट्टा. अमेरिकेत असाल तर स्कर्ट स्टेक मागा. तो नसेल तर पोटाकडचा फ्लँक चालतो. गावात मेक्सिकन खाटकाचं दुकान असेल तर तिथेच जा, हे मांस तिथे पातळ कापून तयारच मिळतं.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे इथे मिळतं ते म्हशीचं. दुकानदाराकडे ‘अंडरकट’ मागा. पाठीच्या कण्यालगतचा हा सगळ्यात मऊ भाग. चरबी जवळजवळ नसते, म्हणून भाजताना जरा जपावं लागतं. अंडरकट लांबीत चिरून उघडा आणि साधारण दीड सेंटिमीटर जाडीची पट्टी करून घ्या. वरचा पांढरट, चकचकीत पापुद्रा सुरीच्या टोकाने सोडवून काढायचाच, तो भाजल्यावर आखडतो आणि सगळी पट्टी वाकडी करतो.

मोठ्याचं मांस खात नसाल तर कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस घ्या. मेक्सिकोतही कोळशावरच्या कोंबडीचे टाको सर्रास मिळतात. बोकडाच्या मटणाच्या वाटेला मात्र जाऊ नका. पाच मिनिटांच्या भाजणीत ते शिजत नाही, नुसतं चिवट होतं.

मीठ, किंवा थोडं मुरवण

सोनोरा पद्धतीने करायचं तर मांस फडक्याने किंवा कागदाने कोरडं करून दोन्ही बाजूंनी जाड मीठ लावा. ८०० ग्रॅमला ८ ग्रॅम पुरे. हे एकतर भाजण्याआधी पाऊणएक तास लावावं, नाहीतर शेगडीवर ठेवता ठेवता. दहा-पंधरा मिनिटं आधी लावलं की मिठाने ओढलेलं पाणी नेमकं वर साचलेलं असतं, आणि ओलं मांस भाजलं न जाता उकडतं. पाऊण तासात ते पाणी पुन्हा आत मुरतं.

अंडरकट किंवा कोंबडीला थोडं मुरवण दिलेलं बरं. चार लसूण पाकळ्या ठेचून, दोन लिंबांचा रस, अर्ध्या संत्र्याचा रस, दोन मोठे चमचे तेल, अर्धा चमचा भरडलेलं जिरं, मिरपूड आणि चिरलेली मूठभर कोथिंबीर. हवा तर एक चमचा सोया सॉस, मग मीठ त्या मानाने कमी. सोया सॉस मेक्सिकन स्वयंपाकात कसा, असं वाटेल. पण तिकडच्या घरांत मांसावर बाटलीतले असले काळे, खारट रस शिंपडायची सवय जुनीच आहे. एक ते दोन तास मुरवा. रात्रभर नको, लिंबामुळे मांसाचा वरचा थर पिठूळ होतो.

टॉर्टिया

मेक्सिको म्हटलं की मका, हे खरं. पण सोनोरात टॉर्टिया गव्हाची असते. गव्हाचा तो मोठा पट्टाच आहे. १९६० च्या दशकात भारतात आलेल्या ठेंगू मेक्सिकन गव्हातलं ‘सोनोरा ६४’ हे वाण याच राज्याच्या नावाचं. तेव्हा मैद्याची टॉर्टिया केली तर काही तडजोड केली असं समजू नका.

३०० ग्रॅम मैदा, एक चहाचा चमचा मीठ, ७० ग्रॅम घट्ट तूप. मूळ कृतीत डुकराची चरबी असते. वनस्पती तूपही चालेल. तूप मैद्यात चोळून घ्या आणि हाताला सोसेल इतकं गरम पाणी, साधारण १६० मिली, हळूहळू घालून मऊ पीठ मळा. अर्धा तास झाकून ठेवा, सोळा गोळ्या करा, पुन्हा पंधरा मिनिटं ठेवा. ही दुसरी विश्रांती चुकवली तर लाटलेली टॉर्टिया परत आखडते. मग १५ सेंटिमीटर व्यासाची, पलीकडचं दिसेल इतकी पातळ लाटा आणि कडक तापलेल्या कोरड्या तव्यावर टाका. बुडबुडे आले की उलटा, दुसऱ्या बाजूला ठिपके पडले की उतरवा. एकूण मिनिटभरसुद्धा लागत नाही. जास्त वेळ ठेवली तर पापडासारखी होईल. उतरवलेल्या सगळ्या एका फडक्यात गुंडाळून झाकून ठेवा, वाफेने मऊ राहतात.

पोळीत चालेल का? चालेल. बिनतेलाची, पातळ.

मक्याचीच हवी असेल, म्हणजे मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात गाड्यांवर मिळते तशी, तर आपल्या गिरणीतल्या मक्याच्या पिठाची ती होत नाही. त्यासाठीचा मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर ठेवून, साल चोळून धुऊन मग ओला वाटतात. चुन्यामुळे साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगं होतं. युरोपने मका नेला, ही युक्ती मात्र नेली नाही. मग मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. अशा मक्याचं तयार पीठ ‘मासा हारिना’ नावाने मिळतं. दोन वाट्या पिठाला दीड वाटी कोमट पाणी घालून मळा आणि लिंबाएवढी गोळी प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून सपाट बुडाच्या जड भांड्याने दाबा. ती तव्यावर दोनदा उलटायची. मक्याच्या टॉर्टिया लहान असतात आणि फाटतात, म्हणून टाकोला दोन एकावर एक घेतात.

साल्सा आणि वरचं सामान

मांस शेगडीवर जाण्याआधी हे सगळं तयार हवं, नंतर वेळ मिळत नाही.

साल्सासाठी, म्हणजे चटणीसाठी, चार टोमॅटो, अर्धा कांदा आणि सालासकट तीन लसूण पाकळ्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा. तिकडे यात चिले दे आर्बोल ही बारीक, जहाल मिरची असते. आपल्याकडची संकेश्वरी तिची जागा चांगली घेते. चार-पाच मिरच्या देठ काढून गरम तव्यावर दहा-पंधरा सेकंद फिरवा, खमंग वास सुटताच काढा. काळी पडलेली एकसुद्धा मिरची अख्खा साल्सा कडू करते. गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, लसूण सोलून, सगळं मिठासकट वाटा. मेक्सिकोत हे दगडी मोल्काहेतेत रगडतात, त्यामुळे घरात पाटा-वरवंटा असेल तर आज काढाच. मिक्सर असेल तर दोन-तीन झटके पुरे, भरड राहू द्या.

एक पिकलेला अॅव्होकाडो, हिरवी मिरची, लिंबू, मीठ आणि चमचा-दोन चमचे पाणी फिरवून पळीवाढं ग्वाकामोले करा. कांदा अगदी बारीक चिरा, कोथिंबीर चिरा, दोन्ही एकत्र करा. लिंबाच्या फोडी भरपूर ठेवा. मुळ्याच्या चकत्या आणि काकडी बाजूला. पातीचे आठ-दहा कांदे मुळं काढून अख्खे ठेवा, ते मांसाबरोबर निखाऱ्यावर जातील. किसलेलं चीज, आईसबर्ग लेट्यूस, आंबट क्रीम यांना सुट्टी.

जाळ

सोनोरात मेस्कीटच्या लाकडाचा कोळसा वापरतात. हे झाड तुम्ही पाहिलेलं आहे: सोलापूर-मराठवाड्याकडे माळरानं आणि तलावांचे काठ व्यापून बसलेली वेडी बाभूळ ही मेस्कीटच्याच कुळातली, अमेरिका खंडातूनच इकडे आलेली. कच्छमध्ये आणि तामिळनाडूत तिचा कोळसा पाडतात. तसा मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाहीतर साधा लाकडी कोळसा घ्या. पेटवायला रॉकेल मात्र नको, वास मांसात उतरतो.

कोळशांवर राखाडी पापुद्रा धरला की निखारे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी पसरा. जाळीच्या वर चार बोटं तळहात धरून पाहा. दोन-तीन सेकंदांत हात ओढावा लागला तर जाळ बरोबर आहे. जाळीवर अर्धा कांदा घासून घ्या, ती स्वच्छही होते आणि मांस चिकटत नाही.

फ्लॅटमध्ये कोळशाची सोय नसेल तर बिडाचा तवा मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं, धूर निघू लागेपर्यंत तापवा. तेल तव्यावर न घालता मांसाला चोळा. खिडक्या उघडा. एका वेळी दोनच पट्ट्या टाका. तवा भरला की तो थंड पडतो आणि मांसाला पाणी सुटतं.

भाजणं आणि कापणं

पट्टी टाकली की हलवू नका. दोन ते तीन मिनिटांत खालून गडद तपकिरी होते आणि आपोआप सुटते. अजून धरून असेल तर वेळ झालेली नाही. उलटून आणखी दोन-तीन मिनिटं. जवळ थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सिअसला उतरवा, मधोमध हलका गुलाबी राहील. कोंबडी मात्र ७४ पर्यंत न्यायची, कमी निखाऱ्याच्या बाजूला सरकवून. पातीचे कांदे याच वेळी कडेला मऊ पडू द्या, वर लिंबू आणि मीठ.

उतरवलेलं मांस पाच मिनिटं लाकडी पाटावर तसंच ठेवा. नंतर कापण्याआधी ते नीट बघा. मांसाचे धागे समांतर रेघांसारखे एका दिशेने गेलेले दिसतील. स्कर्टमध्ये तर ते बोटाने मोजता येतात. सुरी या धाग्यांना आडवी चालली पाहिजे. स्कर्टची गंमत अशी की त्याचे धागे लांबीत नसतात, रुंदीत असतात. म्हणून लांब पट्टीचे आधी बोटभर लांबीचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा काटकोनात फिरवा आणि मग पातळ चिरा. तीच पट्टी उलट्या दिशेने चिरली तर घास चावता चावता जबडा दुखेल, भाजणी कितीही साधलेली असो. चिरल्यावर जड सुरीने आणखी बारीक तुकडे करा, डाळीपेक्षा मोठे आणि शेंगदाण्याच्या आसपास. पाटावर जमलेला रस त्याच मांसात कालवा.

टॉर्टिया तव्यावर क्षणभर गरम करा. मध्ये दोन मोठे चमचे मांस, त्यावर ग्वाकामोले, कांदा-कोथिंबीर, साल्सा, शेवटी लिंबू. जास्त भरू नका, दुसरा करता येतोच. टाको तीन बोटांत धरून, मान तिरकी करून, थोडं पुढे वाकून खायचा, म्हणजे रस शर्टावर न येता ताटात पडतो.

मांस उरलंच तर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा. पुन्हा गरम करताना कडक तव्यावर अर्धा मिनिट पुरे, मायक्रोवेव्हमध्ये ते वातड होतं. सकाळी त्यातच दोन अंडी फोडून घाला आणि उरलेला साल्सा वरून. टॉर्टिया संपल्या असतील तर पाव आहेच.