झीनत अमान बघायची कशी: अभिनय बेताचा, तरी नजर हटत नाही

आमच्या घरी झीनत अमानवरून वाद होतो आणि दर वेळी एकाच जागी येऊन अडकतो. मावशी म्हणते काय दिसायची, काय चालायची, तशी परत कुणी झाली नाही. मामेभाऊ म्हणतो ते सगळं ठीक गं, पण तिला अभिनय कुठे येत होता? मला दोघांचंही पटतं. अभिनय बेताचाच होता, आणि तरीही १९७१ पासून पुढची दहा-बारा वर्षं पडद्यावर ती आली की बाकीचे जरा पुसट व्हायचे, हे पण तितकंच खरं आहे. अडचण अशी आहे की आपण स्मिता पाटीलला ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने झीनतला बघायला बसतो आणि मग अर्ध्या तासात वैतागून बंद करतो. तिला बघायची पद्धत वेगळी आहे. मी तिचे सिनेमे थांबवत थांबवत परत बघितले, त्यातून जे हाताला लागलं ते लिहितेय, पहिल्यांदा बघणाऱ्यांनी या क्रमाने बघा.

सुरुवात 'यादों की बारात'मधल्या 'चुरा लिया'पासून करा, १९७३चा सिनेमा. मोबाईलवर नको, घरात जो मोठ्यात मोठा स्क्रीन असेल त्यावर लावा आणि आवाज पूर्ण बंद करा. हो, पंचमदांचं (आर. डी. बर्मन) संगीत आणि आशाताईंचा आवाज बंद करायला सांगतेय, मलाही जड गेलं होतं, पण एकदाच करा. आता फक्त तिच्याकडे बघा. पांढरा ड्रेस, हातात गिटार, मोकळे केस, आजूबाजूला पार्टीतली माणसं. खांदे सैल आहेत, मान ताठ नाही, आणि मुख्य म्हणजे घाई कसलीच नाही. त्या काळातल्या बऱ्याच नायिका गाण्यात सतत काहीतरी करत असतात, डोळे मिचकाव, पदर घे, झाडाला वळसा घाल. ही नुसती उभी राहते, थोडी वळते, हसू येतं आणि जातं. गिटारवर बोटं बरोबर पडतायत की नाही इकडे लक्षच जात नाही. कॅमेऱ्यासमोर काहीही न करता सहज राहणं हे फार थोड्यांना जमतं, पट्टीच्या नटांनाही जमेलच असं नाही. त्याला मी अभिनय म्हणणार नाही, पण ते कौशल्य आहे आणि ते तिच्याकडे भरपूर होतं. सिनेमाच्या आधी ती मॉडेलिंग करायची, १९७०मध्ये मिस एशिया पॅसिफिक झाली होती, तेव्हा अंगावर कपडा कसा वागवायचा आणि लेन्सकडे कसं बघायचं हे ती आधीच शिकून आली होती.

दुसऱ्यांदा आवाज चालू करून तेच गाणं बघा. सुरुवातीची ती काचेची किणकिण, मग आशाताई. आता स्वतःला विचारा की यातलं झीनतचं किती आणि आशाताईंचं किती? आवाजातला तो लाडिकपणा, थांबणं, श्वास हे सगळं आशाताईंनी दिलंय, झीनतने त्याला शरीर दिलं. असा हिशेब प्रत्येक गाण्यात मांडायची सवय लावून घ्या कारण तिच्या प्रसिद्धीतला मोठा वाटा गाण्यांचा आहे. 'दम मारो दम' आशाताई, 'सत्यम शिवम सुंदरम' लताबाई, 'आप जैसा कोई' नाझिया हसन, जी तेव्हा शाळकरी वयाची लंडनला राहणारी मुलगी होती. तीन पूर्णपणे वेगळे आवाज आणि तिन्ही झीनतवर शोभून दिसतात.

यानंतर जरा थांबून त्या काळाचा विचार करा, नाहीतर तिचं महत्त्व कळणार नाही. तिच्या आधी हिंदी सिनेमात सरळ वाटणी होती. साडी, सोज्वळपणा, रडणं हे नायिकेचं, आणि आखूड कपडे, सिगारेट, क्लबमधला नाच हे खलनायिकेचं, म्हणजे हेलन, बिंदू यांचं. झीनत आली आणि नायिकाच बेलबॉटम घालून, मोठे गॉगल लावून हिंडायला लागली. 'रोटी कपडा और मकान'मध्ये (१९७४) ती बेकार प्रियकराला सोडून पैसेवाल्याकडे जाते आणि तरी सिनेमा तिला चेटकीण ठरवत नाही. 'डॉन'मध्ये (१९७८) हेलन आणि झीनत दोघी आहेत, तो सिनेमा मुद्दाम याच दृष्टीने बघा. 'ये मेरा दिल' हेलनच्या वाट्याला, आणि केस आखूड कापून, ज्यूडो-कराटे शिकून भावाचा सूड घ्यायला निघालेली रोमा झीनतच्या.

मावशी तेव्हा सांगलीत कॉलेजला होती. मासिकातलं झीनतच्या फोटोचं पान फाडून ती शिंप्याकडे गेली, त्याने मोहरी किती ठेवू विचारलं, हिने चोवीस इंच सांगितलं, तो म्हणाला पोरी एवढ्या कापडात झबलं होईल. शिवून दिली त्याने. मावशीने ती पँट दोनदाच घातली, एकदा गॅदरिंगला आणि एकदा मैत्रिणीकडे जाताना, मग आजीने ट्रंकेत टाकली ती टाकलीच. अजून आहे. मी हातात घेऊन बघितलीय, गर्द चॉकलेटी रंगाची, घडीवर रंग उडून पांढरट रेघ पडलीय, आणि खालच्या मोहरीला आतून हाताने घातलेली तुरपाई, अगदी बारीक टाके. मावशी ती पँट धरते तेव्हा झीनतला अभिनय येत होता का हा प्रश्न तिच्या मनात नसतोच. एक पोरगी पडद्यावर न लाजता चालली आणि सांगलीतल्या दुसऱ्या पोरीला वाटलं आपणही चालावं. स्टाईलला उथळ म्हणणाऱ्यांचं म्हणून मला पटत नाही.

आता अवघड भाग. संवाद.

तिचा कुठलाही मोठा भावनिक प्रसंग लावा आणि डोळे मिटून नुसता ऐका. आवाज एकाच पट्टीत फिरतो. दुःख असो, राग असो, वाक्य वरच्या टोकाला जातं आणि तिथेच राहतं, खाली खोल जात नाही. हिंदीला इंग्रजी शाळेचं वळण आहे. जिथे शब्द गिळायला हवा तिथे ती स्पष्ट म्हणते, जिथे तोडायला हवा तिथे सलग म्हणते. मला याचं फार वाईट वाटतं कारण तिचे वडील अमानुल्ला खान 'मुघल-ए-आझम'च्या संवादलेखकांपैकी एक. म्हणजे हिंदी सिनेमातले सगळ्यात भारदस्त संवाद ज्या चौघांनी लिहिले त्यातल्या एकाची ही मुलगी. ती लहान असतानाच वडील गेले. ते असते तर तिची जीभ वेगळी घडली असती का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण बोलणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे बहुतेक जण तिच्यावर अन्याय करतात. 'हरे रामा हरे कृष्णा' लावा. लहानपणी ताटातूट झालेले भाऊ-बहीण, बहीण काठमांडूत हिप्प्यांमध्ये जसबीरची जेनिस झालेली. देव आनंद तिच्यासमोर 'फूलों का तारों का' म्हणतो, जे दोघांच्या लहानपणचं गाणं, आधी लताबाईंच्या आवाजात येऊन गेलेलं, आता किशोरकुमारच्या. या गाण्यात तिला बोलायचं काहीच नाही. फक्त ऐकायचंय. आणि ती ऐकते. मी तिच्या चेहऱ्यावर थांबवून बघितलं, तिथे ओढूनताणून आणलेलं काही नाही, नशेत हरवलेली एक पोर आहे जिला काहीतरी आठवू पाहतंय. मुमताज त्या सिनेमाची नायिका होती पण लोकांच्या लक्षात बहीण राहिली, फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार पण तिलाच मिळाला, आणि मला वाटतं तो योग्य होता. संवाद कमी आणि चेहरा जास्त असला की ती चांगली आहे, हे सूत्र एकदा कळलं की तिचा कुठलाही सिनेमा बघणं सोपं जातं.

हे सूत्र तपासून बघायला सगळ्यात चांगला सिनेमा म्हणजे 'इन्साफ का तराजू', १९८०चा, बी. आर. चोप्रांचा. विषय बलात्काराचा आहे आणि तो प्रसंग पडद्यावर बराच वेळ आहे, बघवत नाही, मी तो पुढे ढकलते आणि तुम्हीही खुशाल ढकला. कोर्टावर या. झीनत भारती नावाची मॉडेल आहे, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी, आणि समोर आरोपीचा वकील कोण तर डॉ. श्रीराम लागू. आपल्याकडे लागूंचं 'नटसम्राट' मनात घेऊन बसलेली पिढी आहे, त्यांना वेगळं सांगायला नको की हा माणूस एका प्रश्नाआधी किती वेळ थांबू शकतो. इथे ते आवाज न चढवता तिचे कपडे, तिचा धंदा, तिचे फोटो यांच्यावरून तिला बेअब्रू करत जातात. नट म्हणून जोड अगदीच विजोड आहे. पण नीट बघा काय होतं ते. वकील भारतीबद्दल जे बोलतोय तेच थेटरातला प्रेक्षक झीनतबद्दल दहा वर्षं बोलत आला होता, असले कपडे घालते म्हणजे तसलीच असणार. तो आरोप तिच्या अंगावर खऱ्याखुऱ्या वजनाने पडतो, कारण ती झीनत आहे. दुसरी अधिक चांगली अभिनेत्री तिथे उभी असती तर प्रसंग अधिक चांगला वठला असता, पण इतका लागला नसता. तिची प्रसिद्धी, तिची स्टाईल, सगळं त्या पिंजऱ्यात तिच्याबरोबर उभं आहे. या पहिल्या खटल्यात ती गोठल्यासारखी उभी राहते, उत्तरं तुटक देते, आणि ते शोभतं.

शेवटच्या खटल्यात मात्र तिला लांबलचक भाषण आहे आणि तिथे ती कमी पडते. शब्द जड, पट्टी एकच, तीन मिनिटांत आपलं लक्ष इतरांकडे जातं. दोन्ही कोर्टसीन लागोपाठ बघा म्हणजे तिची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही एका बैठकीत कळतील.

याच सिनेमात तिच्या धाकट्या बहिणीचं काम पद्मिनी कोल्हापुरेने केलंय, पंधरा वर्षांची असेल नसेल, आणि सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर घेऊन गेली. झीनतला प्रमुख भूमिकेसाठी नामांकन होतं. अभिनय उपजत असणं म्हणजे काय ते पद्मिनीकडे बघून कळतं. आणि या दोघींची जोडी आधी एकदा लागली होती, 'सत्यम शिवम सुंदरम'मध्ये (१९७८), तिथे तर एकच पात्र दोघींनी केलंय. लहानपणची रूपा पद्मिनी, मोठी झालेली झीनत.

'सत्यम शिवम सुंदरम' पहिला बघू नका असं मी सगळ्यांना सांगते. सगळ्यात गाजलेला आणि तिला सगळ्यात न मानवलेला. चित्रीकरण आपल्या पुण्याजवळ लोणी काळभोरला, राज कपूर यांच्या राजबागेत झालं. ही भूमिका तिने मागून घेतली होती. झीनतनेच सांगितलेला किस्सा आहे, ती गावाकडच्या मुलीचे कपडे करून, गालावर कागद चिकटवून भाजल्याचा डाग करून राज कपूर यांच्याकडे गेली, ते इतके खूश झाले की पत्नी कृष्णाबाईंना बोलावून झीनतच्या हातात सोन्याची नाणी ठेवली. इतकी जिद्द असलेल्या बाईला कामचुकार कोण म्हणेल? पण जिद्दीने उच्चार बदलत नाहीत. रूपा खेड्यातली, देवळात भजनं म्हणणारी, आणि झीनत तोंड उघडते तेव्हा मुंबई ऐकू येते. गाणं सुरू झालं की लताबाई तिला उचलून धरतात, गाणं संपलं की ती परत एकटी पडते. कपडे भानू अथैया यांचे, आपल्या कोल्हापूरच्या, ज्यांना पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळालं. त्या कपड्यांवरून तेव्हा फार गदारोळ झाला. मला स्वतःला वाटतं ते कपडे झीनतला शोभतात आणि रूपाला नाही, कुठली भजन म्हणणारी पोर त्या चोळीत नदीवर जाईल? दिग्दर्शकाला रूपापेक्षा झीनत दाखवायची होती आणि बोल तिला लागला. सिनेमा बघताना हे वेगळं काढा. कुठे तिला जमत नाहीये आणि कुठे तिला चुकीचं काम दिलंय, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. माझ्या मामेभावाची सगळी यादी तपासली तर निम्मी दुसऱ्या प्रकारची निघाली.

बाकीचे सिनेमे सावकाश बघितले तरी चालतील, 'दोस्ताना', 'लावारिस' यात तिला फार करायचं नाहीये.

मावशीच्या पिढीतली कुणी घरात असेल तर तिला शेजारी बसवा, विशेषतः कपड्यांसाठी, कारण कुठला कट कधी निघाला, बेल बाही कुणी आधी शिवली, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. २०२३मध्ये झीनत इन्स्टाग्रामवर आली, पांढरे केस तसेच ठेवून, आणि लांब लांब लिहायला लागली. ते जरूर वाचा. मावशीला मी वाचून दाखवते. वाक्यं इतकी बांधीव असतात की ऐकताना मला सारखे तिचे वडील आठवतात.

आणि 'कुर्बानी' शेवटाला ठेवा, १९८०चाच आहे, म्हणजे कोर्टातली झीनत ज्या वर्षी आली त्याच वर्षी. 'लैला' आणि 'आप जैसा कोई' ही दोन गाणी. आता काही वेगळं काढायचं नाही, हिशेब मांडायचा नाही, आवाज पूर्ण वर न्या आणि खुर्च्या जरा मागे सरकवा.