जपानी मेंदूज्वराचा विषाणू पेशीत काय करतो, हे आकृती काढून कसे समजून घ्यावे

जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा पेशीतील प्रवास अनेक विद्यार्थी प्रवेश, भाषांतर (आरएनए वाचून प्रथिने बनवणे), प्रतिकृती, जुळणी आणि बाहेर पडणे या क्रमाने पाठ करतात, आणि परीक्षेत एखादा प्रश्न थोडा वळवून विचारला की गोंधळतात. माझ्या मते या विषयाची गुरुकिल्ली टप्प्यांच्या क्रमात नसून पटलाच्या बाजूंमध्ये आहे: कोणते प्रथिन पटलाच्या कोणत्या बाजूला आहे हे एकदा पक्के झाले की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

म्हणून कोऱ्या कागदावर विषाणू काढण्याआधी आंतर्द्रव्यजालिकेचे, म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या पटलांच्या जाळ्याचे, पटल एका लांब आडव्या दुहेरी रेषेने काढावे. रेषेच्या वर ‘पेशीद्रव्य’ आणि खाली ‘जालिकेची पोकळी’ असे लिहावे. पोकळीच्या शेजारी कंसात ‘पुढे पेशीबाहेर’ एवढे शब्द आवर्जून घालावेत, कारण या पोकळीत जे पडते ते गॉल्गी संकुलातून पुटिकांमार्गे अखेर पेशीच्या बाहेरच जाते.

आता विषाणूचा जनुकसंच आणावा. तो सुमारे ११,००० न्यूक्लिओटाइडांचा, धन दिशेचा, एकेरी आरएनए असतो. त्याच्या ५′ टोकाला टोपी असते, पण ३′ टोकाला आपल्या पेशीतील बहुतेक संदेशवाहक आरएनएप्रमाणे ॲडेनिनांची शेपटी नसते. धन दिशेचा असल्यामुळे रायबोसोम तो थेट वाचू शकतात, आणि म्हणूनच विषाणूतून काढलेला निव्वळ आरएनए पेशीत सोडला तरी संसर्ग सुरू होऊ शकतो. नागपूरजवळच्या चांदिपुरा गावाचे नाव लाभलेला, १९६५ मध्ये सापडलेला विषाणूही मुलांमध्ये मेंदूज्वर घडवतो. परंतु तो ऋण दिशेचा आहे आणि वाळूमाशीतून पसरतो, त्यामुळे ही आकृती त्याला लावू नये.

या आरएनएपासून सुमारे ३,४०० अमिनो आम्लांची एकच लांब साखळी बनते, आणि ती सुईतल्या दोऱ्यासारखी पटलातून वर-खाली ओवली जाते. आकृतीतही ती तशीच ओवावी. सुरुवातीचे सी (आरएनएला गुंडाळणारे) प्रथिन वर, पेशीद्रव्यात राहते. पीआरएम आणि ई या कणाच्या बाह्य कवचाच्या प्रथिनांचा मोठा भाग खाली पोकळीत जातो. पुढची ‘एनएस’ प्रथिने कणाचा भाग नसून पेशीत काम करतात: त्यांपैकी एनएस१ पूर्णपणे पोकळीत पडते. एनएस२ए, एनएस२बी, एनएस४ए आणि एनएस४बी पटलातच रुतून बसतात. तर एनएस३ आणि एनएस५ ही दोन मोठी विकरे वर राहतात. साखळी कापणाऱ्या कात्र्याही बाजूप्रमाणे वाटलेल्या आहेत: पोकळीच्या बाजूचे बहुतेक छेद पेशीचे स्वतःचे सिग्नल पेप्टिडेझ घेते आणि पेशीद्रव्याच्या बाजूचे छेद एनएस२बीच्या साहाय्याने एनएस३ घेते. एनएस१ रक्तात का सापडू शकते आणि एनएस५ पेशीतच का राहते, हा प्रश्न आता पाठांतराचा उरत नाही.

पुढची पायरी प्रतिकृतीची, आणि येथे बहुतेक आकृत्या चुकतात. आडव्या रेषेला पोकळीच्या दिशेने फुग्यासारखे खळगे पाडावेत, मात्र प्रत्येक खळग्याची अरुंद मान पेशीद्रव्याकडे उघडी ठेवावी. दिसायला हे खळगे जालिकेच्या आत असले तरी त्यांच्यातील जागा पेशीद्रव्याचाच भाग आहे. तेथे एनएस५ ऋण धागा आणि त्यावरून पुष्कळ धन धागे तयार करते. या कामात बनणारा दुपदरी आरएनए रिग-आय आणि एमडीए५ या पहारेकरी प्रथिनांच्या नजरेआड ठेवण्यास हे खळगे मदत करतात. एनएस५ त्याखेरीज धाग्याच्या टोपीवर मिथाइल गट चढवते आणि विषाणूविरोधी इशारा देणाऱ्या इंटरफेरॉन प्रथिनांचा संदेश पुढे नेणाऱ्या जॅक-स्टॅट मार्गातही अडथळा आणते. एकाच प्रथिनाची इतकी कामे पाहून त्याच्या शेजारी मोठा चौकोन काढून ठेवणेच बरे.

नवा आरएनए सी प्रथिनासह पोकळीत फुगवटा घेऊन शिरतो आणि ई व पीआरएम त्याचे बाह्य कवच बनतात. हा कण अजून अपक्व, काटेरी असतो. गॉल्गीच्या शेवटच्या भागातील आम्लतेमुळे त्याची रचना पालटते, पेशीचे फ्युरिन हे विकर पीआरएम कापते, परंतु सुटलेला ‘पीआर’ तुकडा कण बाहेरच्या उदासीन द्रवात पोहोचेपर्यंत चिकटून राहतो. तो आधीच गळला असता, तर वाटेतल्या आम्लतेत ई प्रथिन अवेळी पटलाला भिडले असते. पक्व कण सुमारे ५० नॅनोमीटरचा असतो आणि त्यावर ई प्रथिनाच्या १८० प्रती सपाट बसलेल्या असतात. नव्या पेशीत शिरल्यावर कण गिळून घेणाऱ्या पुटिकेतील, म्हणजे एंडोसोममधील, आम्लता याच ई प्रथिनांना उभे करून त्रिकुटांत बांधते आणि विषाणूचे व एंडोसोमचे पटल एकजीव होतात. म्हणजे प्रवेश ही पहिली पायरी असली, तरी ती शेवटी काढली तर अधिक चांगली समजते.

आकृती पुरी झाल्यावर तिची परीक्षा घ्यावी. एंडोसोम आणि गॉल्गीतील आम्लता घटवणारे अमोनियम क्लोराइड संसर्गाच्या आरंभी घातले तर काय अडेल, आणि उशिरा घातले तर काय? पहिल्या वेळी पटलांचे मीलन अडेल. दुसऱ्या वेळी कण बाहेर पडतील, पण त्यांतील बरेच अपक्व असतील. अशा वेळी पीसीआर आरएनएच्या भरपूर प्रती दाखवील आणि प्लाक (संसर्गक्षम कणांमुळे पेशींच्या थरात पडणारे डाग) मात्र कमी दिसतील, म्हणून ही दोन मोजमापे एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

शोधनिबंध वाचताना कागदाच्या कोपऱ्यात पेशींचे नावही लिहावे. या क्षेत्रात सर्रास वापरली जाणारी सी६/३६ ही डासाची पेशीरेषा मूळ पुण्याची आहे: विषाणू संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून मूळ पेशीरेषा तयार केली आणि १९७८ मध्ये इगाराशी यांनी तिच्यातून सी६/३६ वेगळी काढली. परंतु या पेशींत विषाणूचा दुपदरी आरएनए कापणारे डायसर-२ हे विकर नीट काम करत नाही, म्हणजे डासाचा आरएनए-आधारित बचाव लंगडा असतो. शिवाय जपानी मेंदूज्वर मुख्यतः क्युलेक्स डास पसरवतात. त्यामुळे तेथे विषाणू जोमाने वाढला, एवढ्यावरून भातखाचरातल्या क्युलेक्सच्या शरीरातही तसेच घडते असे धरू नये.