साउंडचेकला कुणी खरं गात नाही

मागच्या महिन्यात बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीवर दोन पोरं आली. एकानं नवा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) घेतलेला, दुसऱ्याकडं शुअरचा एसएम ५८ माइक. प्रश्न एकच, "सर, प्लगइन कुठला घेऊ?" सर नको, दादा म्हणा. आणि प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारं जोड-सॉफ्टवेअर, कुठलाच घेऊ नका. माझं काय झालं ते आधी ऐका.

कार्तिकी एकादशी होती. खानापूर तालुक्यातलं गाव, विठ्ठलाचं देऊळ, रात्रभर जागर. भजनी मंडळाला त्याचं रेकॉर्डिंग हवं होतं. संध्याकाळी साउंडचेक घेतला, म्हणजे गाण्याआधी आवाज तपासून लेव्हल लावली. बुवांनी बसल्या बसल्या दोन ओळी गुणगुणल्या. पखवाजवाल्यानं डाव्या बाजूला कणीक लावता लावता चार थापा दिल्या. टाळकरी तर चहाला गेलेले. मी आपला गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) चढवत चढवत मीटर −३ वर, म्हणजे ० या हद्दीच्या जेमतेम खाली, नेऊन ठेवला आणि स्वतःवरच खूश झालो.

मध्यरात्रीनंतर गजर सुरू झाला, मंडळी उभी राहिली. हेडफोनमध्ये खरखर यायला लागली. मला वाटलं वायर लूज आहे. ती हलवत बसलो. बुवा मधूनच माझ्याकडं बघून, "काय करुलास रे तिथं?" सकाळी घरी फाईल उघडली तर सगळ्या लाटांची डोकी विळीवर चिरल्यासारखी सपाट. बुवांना ऐकवली. ते एवढंच म्हणाले, "आमचे टाळ फुटले काय रे?"

हे नीट समजून घ्या, दोनदा वाचा. डिजिटलमध्ये ० च्या वर जागाच नसते. तिथं कापलेला आवाज परत येत नाही. दुरुस्तीची सॉफ्टवेअरं अंदाजानं भर घालतात. एखाद्या शब्दापुरती चालतात, अख्ख्या गजराला नाही. गुणगुणणं आणि गजर यांत १०-१५ डेसिबलचा फरक सहज पडतो. त्यात टाळ. त्याचा ठोका इतका क्षणात येऊन जातो की संथ मीटरवर दिसतही नाही, क्षणाचा टोकाचा आवाज दाखवणारा पीक मीटरच बघावा लागतो.

मग लेव्हल एवढी चढी ठेवायची अक्कल मला दिली कुणी? माझे कोल्हापूरचे काका, ज्यांच्याकडं मी शिकलो. "लेव्हल भरून घे," हे त्यांचं पालुपद. ते टेपच्या काळातले. टेपची सरसर झाकायला आवाज चढा घ्यावा लागायचा, आणि थोडा जास्त झाला तरी टेप तो दाबून सांभाळून घ्यायची. काकांचा कान आजही माझ्यापेक्षा तयार आहे, पण तो सल्ला टेपबरोबरच संपला होता. डिजिटल फाईलमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर एका बिटाला साधारण ६ डेसिबल धरा. १६ बिटला ९६ होतात, २४ बिटला कागदावर १४४. देवळातल्या पंख्याचा आवाजच फाईलच्या त्या हळू आवाजाच्या तळापेक्षा कितीतरी वर असतो. तेव्हा सरासरी −१८ च्या आसपास आणि सगळ्यात मोठा ठोका −१० च्या खाली ठेवला तर काही बिघडत नाही. आवाज नंतर वाढवता येतो. ० च्या वरचाही आवाज टिकवणारा ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर घेतलात तरी माइकच गुदमरला तर तोही काही करत नाही. "मिक्समध्ये बघू", म्हणजे नंतर आवाज जुळवताना निस्तरू, म्हणणाऱ्याबरोबर काम करू नका.

घाबरू मात्र नका. ही चूक सगळ्यांची होते, एकदाच होते.

बाकीचं पटपट सांगतो. व्हिडिओवाले ४८ किलोहर्ट्झचा सँपल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा ते) मागतात, आधीच विचारा. ४८ ची फाईल कुणी ४४.१ समजून वाजवली तर काळी चारचा गायक पांढरी पाचच्याही खाली उतरतो आणि ५ मिनिटांचं गाणं साडेपाचच्या जवळ जातं. वायरीतून गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात तारीख घेऊ नका, आपल्याकडचा पाऊस माहीत आहे. आणि कन्नड शिका. सीमाप्रश्नावर काय बोलायचं ते बोला, पण माझं निम्मं काम कन्नड भक्तिगीतांचं आहे आणि उच्चार कळल्याशिवाय टेक, म्हणजे पुन्हा पुन्हा गायलेल्यातलं कुठलं ठेवायचं ते, निवडता येत नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला, एफटीआयआयला, नंबर लागला तर जरूर जा. नाही लागला तर इथंही भागतं. कुमार गंधर्व १९२४ साली इथल्या सुळेभावीत जन्मले, हे आपल्याकडं प्रत्येक जण पहिल्याच भेटीत ऐकवतो. त्यानं तुमचं भाडं भरत नाही, पण गाणारी माणसं गावोगाव आहेत हे खरं.

आता मी बुवांना सरळ सांगतो, आधी शेवटचा गजर घ्या, सगळ्यांनी उभं राहून. लाजतात. चारदा म्हणावं लागतं. मग गेन लावतो आणि वर आणखी ६ डेसिबल मोकळे सोडतो.

त्या मंडळाचा पखवाजवाला पुढच्या वर्षी गोव्याला कामाला गेला. तशी साथ त्यांना परत जमली नाही. फाईल मी पुसलेली नाही. खोलीवर आलात तर ऐकवतो, हेडफोन तेवढा तुमचा आणा.