जपानी घरातील सामाईक खोली: आधी बसण्याची उंची ठरवावी

जपानमधील कुटुंबासाठी सामाईक खोलीचा आराखडा करताना, घरातील माणसे जमिनीवर बसणार की खुर्चीवर, हे सर्वांत आधी ठरवावे. जमिनीवर बसलेल्या माणसाची नजर साधारण ८० सेंटिमीटरवर आणि खुर्चीवर बसलेल्याची सुमारे ११५ सेंटिमीटरवर असते, त्यामुळे खिडकीची खालची कड, दिव्याची उंची आणि टीव्हीची जागा या तिन्ही गोष्टी याच निर्णयावर अवलंबून राहतात.

जुन्या ‘चानोमा’त, म्हणजे जेवणाखाणाच्या आणि बसण्याउठण्याच्या घरगुती खोलीत, हा प्रश्नच नव्हता, कारण चाबुदाई या जेवणाच्या बुटक्या टेबलाभोवती सगळेच जमिनीवर बसत. १९५१ च्या ‘५१सी’ या सार्वजनिक घरकुलांच्या नमुन्याने स्वयंपाकघरातच जेवणाची सोय केली आणि पुढे खुर्च्या-टेबल रूढ झाले. आज अनेक घरांत सोफा आणि तातामीचा, म्हणजे गवताच्या जाड चटयांचा, कोपरा शेजारी शेजारी असतात. दोन्ही एकाच पातळीवर ठेवले, तर सोफ्यावरचा नातू खाली बसलेल्या आजीशी मान वाकवून बोलतो. यावर ‘कोआगारी’ हा सोपा उपाय आहे: तातामीचा कोपरा सुमारे ३५ सेंटिमीटर उंच करावा, म्हणजे दोघांची नजर जवळपास समान पातळीवर येते, आजीला पाय खाली सोडून कडेवर टेकता येते आणि खालच्या पोकळीत अंथरुणांसाठी मोठे खण बसतात. याहून कमी, म्हणजे दहा-पंधरा सेंटिमीटरची पायरी मात्र टाळावी. ती बसायला उपयोगी पडत नाही आणि ठेच मात्र हमखास लागते.

मापे ‘जो’मध्ये, म्हणजे तातामींच्या संख्येत, सांगितली जातात, पण त्यावर विसंबू नये. क्योतोकडील क्योमा तातामी १९१ × ९५.५ सेंटिमीटरची, तर तोक्योकडील एदोमा १७६ × ८८ सेंटिमीटरची असल्यामुळे ‘सहा जो’ची खोली एकीकडे सुमारे १०.९ आणि दुसरीकडे ९.३ चौरस मीटर भरते. म्हणजे जवळजवळ एका तातामीचा फरक पडतो. आराखड्यावर चौरस मीटरच लिहावेत.

तातामीचा भाग आणि बैठक यांच्यामध्ये भिंत न घालता ‘फुसुमा’ हे सरकते दार ठेवावे. पट वर उचलून वरच्या चौकटीच्या खोल खाचेत घातला की खालची कड खाचेतून सुटते आणि पट हातात येतो. सणाला नातेवाईक जमले की दोन खोल्यांची एक खोली होते. काढलेले पट उभे ठेवण्याची जागा आराखड्यातच दाखवावी, कारण ती नसल्यास ते कोणी काढतच नाही, असा माझा अनुभव आहे.

मुलांनी बैठकीतूनच ये-जा करावी म्हणून हल्ली जिना बैठकीत घेतात. कल्पना चांगली आहे, पण हिवाळ्यात गरम हवा आणि मासे भाजल्याचा वास दोन्ही वर चढतात, म्हणून जिन्याच्या तोंडाशी सरकते दार किंवा गुंडाळता येणारा पडदा अवश्य बसवावा.